तिसऱ्या भावाची फांदी

युद्धात माणसं मेली तरी लोकसंख्या भरून निघते, असं चहाचा घोट घेत तुम्हीही म्हणता ना?

आमचे मोठे काका म्हणतात. नातवाच्या जातपडताळणीसाठी त्यांना शपथेवर वंशावळ द्यायची होती. गुलमंडीतल्या वडिलांच्या छापखान्यात पत्रकं वाचत-लिहीत मी वाढलो, अक्षर बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. काकांच्या मुकुंदवाडीच्या घरात दुपारी टीव्ही चालू होता. निवेदक ओरडून युद्ध मागत होता.

काका धरून चार भाऊ. तिसरे फौजेत. लग्नाला सात महिने झाले असताना सीमेवर मारले गेले. त्यांची बायको, आमची काकू, आत लसूण सोलत होती.

"तिसऱ्याला सोड," काका म्हणाले. "पोरबाळ नाय, फांदी नाय. कागद उगंच लांबतो."

"माणूस होता ना?"

"व्हय, होता की. आज घरात बत्तीस डोकी हायेत. काय कमी पडलं? युद्धानं माणसं कमी होत नसतात लेका. छाप तुझ्या पत्रकात!"

बोलणं खरं आहे, त्याचीच चीड येते. युद्ध संपतं, पाळणे हलतात, आणि पन्नास वर्षांनी आलेखात खाच दिसतसुद्धा नाही. पण ती खाच भरतात दुसऱ्यांची लेकरं. काकूची कूस रिकामीच राहिली. आम्हा बत्तिसांतल्या निम्म्यांना तिनं न्हाऊ घातलं, आणि आमचीच संख्या दाखवून काका तिच्या नवऱ्याला पुसत होते.

काकू दारात आली.

"दादा, हा टीव्हीवाला पोरं मागतो तवा तुम्ही म्हणता, आमच्या घरातलं आणखी एक देऊ. आधी दिलेल्याचं नाव लिहायला जागा नाय व्हय?"

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी तिसऱ्या भावाचं नाव लिहिलं. वंशावळीत बायकांची नावं लिहीत नाहीत, तरी शेजारी काकूचंही लिहिलं. काकांनी कागद टरकन फाडला. मी तसाच दुसरा लिहिला. तो सहीवाचून टीव्हीखाली पडून आहे. तिसरा मी लिहून देणार नाही. शपथेवर खोटं बोलायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहावं.

तुमच्या घरची वंशावळही कपाटात असेल. आज काढा. लढाईत गेलेला, मागं लेकरू नसलेला कुणी गाळला असेल, तर त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव शाईनं लिहा. तोवर टीव्हीसमोर बसून युद्ध मागू नका.