बाद झालेले बारा उंदीर

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहातले बारा पांढरे उंदीर इंजेक्शन देऊन मारण्यात आले. प्रयोग माझा होता.

ताण देण्यासाठी उंदरांना रोज दोन तास अरुंद नळीत कोंडायचं आणि तीन आठवड्यांनी अधिकच्या चिन्हासारख्या उंच फळीवर सोडायचं, अशी पद्धत होती. भेदरलेला उंदीर फळीच्या भिंती असलेल्या भागातच दडून राहतो. माझे बाराही उघड्या टोकांपर्यंत निवांत फिरले.

उंदरांची देखभाल करणारे काका पुलगावकडचे होते. नळीतून काढल्यावर तुम्ही काय करता, असं मी त्यांना विचारलं.

“काई नाई मॅडम. एकेकाले शर्टात धरतो घडीभर. लय धडधडते बिचाऱ्याचं.”

“रोज?”

“रोजच. काऊन, चुकलं का?”

उंदरांना जवळ घेऊ नका, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. प्रयोगाच्या वहीत मात्र ‘सूचना दिल्या’ या ओळीखाली माझी सही होती.

मार्गदर्शकांनी सगळ्या नोंदी बाद केल्या. असे उंदीर दुसऱ्या प्रयोगालाही चालत नाहीत, नियमाप्रमाणे ते मारावे लागतात. मी काकांना तसं सांगितलं.

“मंग मी घरी नेतो ना.”

“नेता येत नाही, काका.”

इंजेक्शनच्या वेळी पहिला उंदीर माझ्या हातात राहीना. तेव्हा काका पुढे आले आणि त्यांनी तो धरला. मग बाकीचेही त्यांनीच धरले. साडेअकराला काम संपलं. एकही उंदीर चावला नाही.