दुसरं काज

या पृथ्वीवर उघडं म्हणून काही राहू नये, ही जबाबदारी कुणीतरी आमच्या कळंबच्या काकीवर सोपवलेली आहे. तिच्या घरात टीव्हीला झालर आहे, रिमोटला सदरा आहे, गॅसच्या टाकीला परकर आहे आणि नळाला, देवाशपथ सांगतो, कानटोपी आहे. क्रोशाची सुई तिच्या बोटांतून सुटलेली मी फक्त जेवताना पाहिली आहे. एकदा कशेळ्याहून जीपने कर्जतला उतरली, तर शेजारच्या गृहस्थाला उठताच येईना. गप्पांच्या नादात काकीने त्याच्या मफलरची उसवलेली कड नीट करता करता ती आपल्याच पदराला विणून टाकली होती. "हलू नका ओ, एकच खांब राहिलाय," ती म्हणाली, आणि अख्खी जीप तो खांब पुरा होईपर्यंत मुकाट बसून राहिली.

खांब म्हणजे उभा टाका. पण हे पुस्तकी बोलणं झालं; काकीचं सगळं विणकाम भाताच्या शेतातलं. साखळी घातली की बांध घातला, खांब म्हणजे रोपं, आणि चुकून वर आलेला दोरा म्हणजे तण. तिला नमुना विचारला तर म्हणते, "नमुना कसला रं? सात रोपांची वळ लावायची, उलटायचं, परत सात."

काकांचा पट्टा तिने असाच विणला. काका म्हणजे एके काळी दोन माणसांचा ऐवज. ते ओटीवर बसले की घरात उजेड कमी यायचा. मागच्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालं आणि माणूस उतरू लागला. चामडी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक भोकागणिक काकांची अर्धी भाकरी ताटात राहू लागली. चौथ्या भोकाच्या दिवशी तो पट्टा उंदरांनी नेला. कळंबचे उंदीर असे धिप्पाड, हे मला काकीकडूनच कळलं.

मग जाड सुती दोऱ्याचा साधा पट्टा आला. एका टोकाला तीन काजं, दुसऱ्या टोकाला करवंटीचं बटण. रोज सकाळी काका लावायचे आणि काकी आतून विचारायची, "कितव्या काजात?"

"दुसऱ्याच."

"मंग? हाय तसेच हाय तुमी. बसा भाकरी खायाला."

एका दुपारी मी गेलो तेव्हा काका खाटेवर झोपले होते आणि काकी पट्ट्याचं बटण काढून वळी उसवत होती. निघालेला दोरा ती एका गुंड्यावर गुंडाळत होती. गुंडा पेरूएवढा झालेला.

"काकी, चुकलं का गं?"

"गप रं. चुकलं नाय. दर आठवड्याला दोन वळी काढते, बटण परत लावते. ह्यांचं दुसरं काज काय सुटत नाय."

"म्हणजे केलेलं मागेच नेतेस की!"

"लावणी कशी करत्यात? मागं मागं सरतच ना? म्हणून शेत लागायचं राहतं काय?"

संध्याकाळी काका मला सोडायला फाट्यापर्यंत आले. पट्ट्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "सुताचा पट्टा कवा आपणहून आटतो का रं? सांगू नको तिला. दुपारी मला झोप येत नाय. पण तिला उसवायला वेळ नको?"

तेव्हापासून दोन्हीकडचं गुपित पोटात घेऊन मी फिरतोय. माझ्यासारख्या बोलघेवड्याला ही शिक्षाच.

परवा पुन्हा गेलो. काका डोळे मिटून खाटेवर, सदऱ्याखाली पोट पुन्हा जरा वर आलेलं; काकी खाली बसलेली. पट्ट्यात जागोजाग गाठी लागत होत्या. तोच दोरा आता परत विणला जात होता. पेरूएवढा गुंडा बोराएवढा झाला होता. बोर तेवढं अजून शिल्लक होतं. तेवढ्यात तो तिच्या मांडीवरून सुटला आणि घरंगळत खाटेखाली गेला. काकांचा पाय हळूच खाली आला, अंगठ्याने गुंडा काकीकडे ढकलून पुन्हा वर जाऊन निजला.

काकीने गुंडा उचलला. त्या पायाकडे बघत राहिली. मी तोंड उघडणार, तोच तिने सुई ओठांवर धरली.

"हळू बोल रं," ती म्हणाली, "झोपलेत."