गळतीकाकांची पाठ

गळतीकाका हे नाव त्यांना धंद्याने दिलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या बाथरूममध्ये काढली, तीही कोरड्या कपड्यांत. टब बसवायचा, काठोकाठ भरायचा, कुठे पाझरतंय का बघायचं, आणि बूच उपसून घरी येऊन बादलीने अंघोळ करायची. इतके टब भरले, पण एकातही पाय बुडवला नव्हता. यात त्यागबिग काही नव्हता. न्हाव्याला टक्कल असावं, तितपतच ते.

काकू गेल्या आणि पाठीला खाज सुटली. या दोन गोष्टींचा संबंध डॉक्टरांनी मानला नाही. कातडी कोरडी पडलीय, वयाने पडतेच, म्हणाले. मलम दिलं आणि सगळीकडे चोळायला सांगितलं. सगळीकडे म्हणजे हात पोचतो तिथे सगळीकडे. दोन खांद्यांच्या मधली वीतभर जागा आपल्या अंगावर असूनही दुसऱ्याच्या ताब्यात असते, हे काकांना तोवर माहीत नव्हतं. परगावच्या मुलाला फोनवर सांगितलं, तर त्याने लांब दांड्याचा ब्रश पाठवून दिला. ब्रश चांगला होता. खाज तशीच राहिली आणि वर ओरखडे आले. मग काका दाराच्या चौकटीला पाठ घासून बघू लागले. बघून हसणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळे त्यातली गंमतही वाया गेली.

शेवटी औषधाच्या दुकानातल्या बाईने त्यांच्यापुढे एक नारिंगी गोळा ठेवला. याला बाथ बॉम्ब म्हणतात, घाबरू नका, असंही सांगितलं. संत्र्याचा वास, आत तेल. टबात टाकला की फसफसून विरघळतो, आपण नुसतं पडून राहायचं, तेल आपोआप अंगाला लागतं. मन शांत होतं ते वेगळं.

“पाठीलाही लागतं?” काकांनी विचारलं.

“पाठीला काय वेगळं पाणी असतं का, काका?”

घरी बादली होती, आणि बादलीत पाठ मावत नाही. काकांनी गोळा हत्यारांच्या पिशवीत टाकला.

त्याच आठवड्यात एका रिकाम्या फ्लॅटमध्ये टब बसवायचं काम आलं. मालक अजून राहायला आले नव्हते. टब बसवून झाला. आता चाचणीसाठी तो भरायचाच होता. भरलेल्या टबात माणसाचं वजन पडलं तर जोड हलतो का, हेही बघायला हवं, असा तांत्रिक विचार काकांनी केला आणि कपडे काढले. हा विचार इतक्या वर्षांत एकदाही कसा सुचला नाही, याच्या खोलात ते गेले नाहीत.

गोळा फसफसला, पाणी नारिंगी झालं, बाथरूमभर नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा वास पसरला. काका कान बुडेपर्यंत खाली सरकले. ती वीतभर जागा पाण्यात गेली आणि गप्प झाली. आपल्याला पाठ आहे, हे कित्येक महिन्यांनी ते विसरले.

बेल बरीच वाजल्यावर ऐकू आली. ओल्या अंगावर सदरा-पायजमा चढवून त्यांनी दार उघडलं. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या, साधारण काकांच्याच वयाच्या, हातात पातेलं.

“माझ्या छतातून संत्र्याचा रस गळतोय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “वास छान आहे. पण एकटीच्या घरात पातेली किती असणार?”

भिंतीपलीकडची गळती कानाने ओळखणारा माणूस स्वतःच्याच गळतीवर कान बुडवून पडला होता. काकांनी माफी मागितली. चाचणी चालली होती, म्हणाले. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून निथळणारं पाणी बघितलं आणि चाचणी बरीच कसून घेता, असा शेरा मारला. बूच काढायला काका वळले, तेव्हा मागून आवाज आला.

“पाठ पुसली नाहीत तुम्ही. सदरा चिकटलाय.”

“हात पोचत नाही.”

“माझाही नाही,” बाई म्हणाल्या.

काकांनी वॉशरचा विषय काढला.

टबाच्या जोडातला वॉशर वाकडा बसला होता. तो बदलला. आता पुन्हा पाणी भरून बघायचं, आणि त्याला खरं तर खाली एक माणूस लागतो. वरच्याने पाणी सोडायचं, खालच्याने छत बघायचं. काका आजवर दोघांचं काम एकट्याने, जिने चढउतार करत निभावत आले होते. आज बाई खाली थांबायला तयार झाल्या. गळलं तर झाडूच्या दांड्याने छतावर एकदा ठोकीन, कोरडं राहिलं तर दोनदा, असं ठरलं.

काकांनी टब साध्या पाण्याने भरला आणि काठावर बसून राहिले. सदरा वाळत आला तशी पाठ पुन्हा जागी झाली. बऱ्याच वेळाने पायाखालून ठोका आला. मग दुसरा.

काम संपलं होतं. एकदा टिकलेला जोड पुन्हा तपासायची रीत या धंद्यात नाही. काकांनी बूच काढून टब रिकामा होऊ दिला. मग बूच लावलं, आणि बाई अजून छताकडे बघत उभ्या असतील असं धरून, नळ पुन्हा सोडला.