भाऊजी कॅमेरा घेतात

जगात ज्या ज्या गोष्टी दोन-दोन आहेत, त्या सगळ्या आमच्या भाऊजींना छळण्यासाठीच निर्माण झाल्या असाव्यात, अशी माझी पक्की समजूत आहे. दोन रस्ते, दोन भाज्या, दोन सदरे समोर आले की एरवी हसतमुख असलेला हा सहा फुटी माणूस जागच्या जागी थिजायचा. गोंदियाच्या बाजारात वांगी घ्यायला गेले, की जांभळी घ्यावीत की हिरवी या विचारात ते इतका वेळ उभे राहायचे की भाजीवालीच पाटी उचलून घरी जायची. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांनी तीनदा मिशा वाढवल्या आणि तीनदा काढल्या. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "मले तर वाटते, माझी दोन लग्नं झाली." त्यांना मुलगी झाली तेव्हा नावांची यादी त्यांनी उशाशी घेतली, ती पोरगी चालायला लागली तरी संपेना. शेवटी शाळेत घालायची वेळ आली आणि मास्तरांनीच हजेरीत एक नाव लिहून टाकलं. भाऊजी घरी येऊन म्हणाले, "बरं झालं. माझ्याही यादीत होतं ते."

स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटोस्टुडिओ होता. त्यावर एक लांबरुंद पाटी होती, तिला पांढरा रंग दिलेला होता आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं, कारण नाव ठरायचं होतं. लोक त्याला 'कोऱ्या पाटीचा स्टुडिओ' म्हणत आणि पत्ता कुणाचाही चुकत नसे. मी तेव्हा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो, ताईकडे जेवायला होतो, आणि रोज संध्याकाळी कचेरी सुटली की त्या कोऱ्या पाटीखालच्या बाकावर बसायला जात असे. भाऊजींच्या अडचणी ऐकायला कुणीतरी लागायचं, आणि बायकोचा भाऊ म्हणून तो मान माझ्याकडे आला होता.

एक मात्र खरं. कॅमेऱ्यामागे उभे राहिले की हा माणूस वेगळाच व्हायचा. त्यांचा कॅमेरा लाकडी, तीन पायांचा, वर काळं कापड टाकायचा. गिऱ्हाइकाला समोर बसवलं की भाऊजी घाई करत नसत. धान कसं आहे, म्हैस व्याली का, पोरगी कुठं दिली, असं विचारत राहायचे. समोरचा आधी ताठ बसलेला असायचा, कोतवालानं धरून आणल्यासारखा. मग हळूहळू त्याचे खांदे उतरायचे, चेहरा आपल्या जागी यायचा आणि त्याच घडीला भाऊजी भिंगावरचं झाकण काढून मनात आकडे मोजायचे. त्या तीन-चार आकड्यांत माणूस असा उमटायचा की घरचे लोक फोटो हातात घेऊन बघतच राहत. माझ्या वडलांचा तसला एक फोटो आहे. त्यात ते नुकतेच काहीतरी बोलून थांबले आहेत, असं अजून वाटतं.

अशा सुखात चाललेल्या माणसाला नागपूरच्या एका कॅमेरेवाल्यानं पोस्टकार्ड टाकलं. जर्मनीहून अगदी नव्या बनावटीचा कॅमेरा येतो आहे, खास धंदेवाईक फोटोग्राफरांसाठी. पहिल्या खेपेला चारच नग मिळणार. आपण जुने गिऱ्हाईक, म्हणून एक आपल्यासाठी राखून ठेवतो, दिवाळीपर्यंत कळवावे. राजनांदगावचे एक गृहस्थही विचारून राहिले आहेत, हेही शेवटी लिहिलं होतं. भाऊजींनी ते कार्ड मला वाचायला दिलं, परत घेतलं आणि पुन्हा वाचायला दिलं.

"साळेसाहेब, तुम्ही असते तर काय केलं असतं?"

"घेतला असता," मी म्हणालो.

"काऊन?"

"चांगला असन म्हणून."

"आणि नसला तर?"

"तर नसता घेतला."

"हेच म्हणून राहिलो मी," भाऊजी म्हणाले, आणि आमचं एकमत झाल्याच्या आनंदात चहा मागवला.

मग त्यांनी गाव विचारून काढलं. डॉक्टरांना विचारलं, पोस्टमास्तरांना विचारलं, न्हाव्याला अर्धी दाढी झालेली असताना विचारलं. राइस मिलचे मुनीमजी हिशेबातून मान वर न करता म्हणाले, "भैया, लेना है तो ले लो, नहीं लेना है तो मत लो." हा सल्ला भाऊजींना इतका पटला की दोन दिवस ते दोन्ही करायला निघाले होते. नागपूरच्या दुकानदाराला त्यांनी उत्तर पाठवलं ते असं : 'कार्ड पोचले. विचार चालू आहे.' त्याच सुमाराला आमचा सगळा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. एवढ्या मोठ्या मुलखाचा निकाल लागला, पण आमच्या घरात मामला होता तिथंच होता.

एका रविवारी ते मला घेऊन नागपूरला, त्या दुकानात आलेला नमुना बघायला गेले. कॅमेरा चहाच्या डब्याएवढा, वर-खाली दोन भिंगं, आणि वरून वाकून आत बघायचं. दुकानदारानं तो भाऊजींच्या हाती दिला, तेव्हा त्यांनी तो पहिल्या मुलासारखा धरला. एका रिळात बारा फोटो निघतात, सेकंदाचा पाचशेवा भाग पकडतो, पळता घोडा उभा करतो, असं दुकानदार सांगत होता. भाऊजी वाकून आत बघत होते आणि माझ्याकडे कॅमेरा वळवू पाहत होते. मी जागेवरच उभा होतो, पण आतल्या काचेत उजवीकडे निसटत होतो. ते मला पकडायला एकीकडे वळत, तर मी दुसरीकडे पळे.

परतीच्या गाडीत ते तुमसर गेल्यावर म्हणाले, "आपला जुना कॅमेरा माणसाला सरळसरळ उलटं दाखवते. डोकं खाली, पाय वर. त्यात लपवाछपवी नाही. हा डाव्याचं उजवं करते आणि वरून साळसूद दिसते."

"सवय होईन, भाऊजी."

"ते होईन." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कापणीला आलेलं धान मागं पळत होतं. "पण साळेसाहेब, जुन्यात मले वेळ सापडते. माणूस येते, बसते, थांबते. मीही थांबतो. यात पाचशेवा भाग. म्हणजे मले म्हणावं लागन, आता. आणि मले 'आता' म्हणता येत नाही."

मी हसलो नाही. त्या महिन्यात ते पहिल्यांदाच काहीतरी ठाम बोलले होते.

या सगळ्या गोंधळात एक बुढीमाय येऊन बसली होती. जवळच्या कामठ्याचा एक शेतकरी आपल्या आईला बैलबंडीत घालून फोटोसाठी घेऊन यायचा. म्हातारी गोड होती, तोंडभर हसायची, पण तिची मान सारखी हलायची, नाही-नाही म्हटल्यासारखी. हातही थरथरायचे. आता लाकडी कॅमेऱ्यासमोर तीन आकडे मोजेपर्यंत ती मान सात वेळा इकडून तिकडे जायची आणि फोटोच्या काचेवर उमटायचं ते एक लुगडं आणि त्यावर एक ढग. भाऊजींनी तिला पाठीमागून लोखंडी आधार लावून पाहिला. ती म्हणाली, "माझी मुंडी कायले धरून राहिला, बापू? मी काही चोरी नाही केली." दोन खेपांत पाच काचा झाल्या. भाऊजींनी पैसे घेतले नाहीत आणि त्यातली कोणती काच कमी वाईट हे ठरेना म्हणून एकही फेकली नाही. सगळ्यांचे फोटो काढून दोरीला लावून ठेवले होते.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना म्हातारीचा तो मुलगा तिसऱ्यांदा आला, या वेळी एकटाच. बाकावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, "बुढीनं खाणं कमी केलं जी. आता जास्त दिवस नाही निघत. भिंतीवर लावाले एक साफ फोटो पाह्यजे. तुमच्याच्यानं होत नसन तर सांगा, मी नागपूरले नेतो. पण बंडीतच हाल होते तिचे, रेलगाडीत कशी नेऊ?"

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते त्याला विचारणार, तुम्ही असते तर काय केलं असतं म्हणून. पण ते म्हणाले, "आठ दिवसानं आण तिले." एवढं बोलून आत गेले, टोपी घातली आणि बाहेर पडले. आम्हाला वाटलं, बाजारात गेले असतील. ताईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आले. काखेत पुठ्ठ्याची पेटी होती आणि पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या चपला होत्या. ताई पुढं आली. तिनं पेटी उघडून बघितली, मग चपला बघितल्या आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

म्हातारी आली. नव्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो निघाला आणि तो अगदी स्वच्छ निघाला. कपाळावरचं गोंदण, नाकातली चमकी, गालावरची एकेक सुरकुती. मान तर जशी कुणी हातानं थांबवली होती. माय-लेकांना थांबवून लगेच धुतलेला तो फोटो भाऊजींनी मुलाच्या हातात दिला आणि स्वतः परीक्षेला बसल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. मुलानं फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"साफ आहे जी," तो म्हणाला. "पण हे आमची माय नोहोय."

"काऊन?"

"आमची माय हालत राहते." मग त्याची नजर दोरीवर गेली. तिथं पाच ढगांची रांग होती. त्यातल्या तिसऱ्यापाशी तो जाऊन थांबला. "हे आहे. मी पोरगा होतो तवापासून ते अशीच आहे. मले हे द्या."

भाऊजींचा चेहरा बघवेना. तेवढ्यात बाकावरून म्हातारीनं हात पुढं केला. तिला तो साफ फोटो पाहिजे होता. तिनं तो थरथरत्या हातांत धरला, तेव्हा तो कागदही तिच्यासोबत हलायला लागला. ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "कशी शांत बसून राहिली पाह्य, हे बुढी. हे मी माझ्यापाशी ठेवतो, बापू. मी कधी अशी बसली होती, मले मालूमच नव्हतं."

मुलानं ढग नेला, आईनं साफ फोटो नेला, आणि भाऊजी पुन्हा होते तसेच झाले. आता स्टुडिओत दोन कॅमेरे होते. गिऱ्हाईक आलं की ते विचारायचे, कोणत्यानं काढू? गिऱ्हाईक गोंधळायचं, आणि भाऊजी त्याच्याशेजारी बसून, जातभाई भेटल्यासारखे, त्याच्या गोंधळात मनापासून सामील व्हायचे.

पुढं दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि पाठोपाठ नैनपूरला बदली झाली. छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीनं मी, बायको आणि ट्रंका निघालो. ताई आणि भाऊजी पोचवायला आले होते. भाऊजींच्या गळ्यात नवा कॅमेरा होता. गाडीच्या दारात उभं राहा, चालत्या गाडीतला फोटो काढतो, असं त्यांनी बजावलं होतं. छोट्या लाईनची गाडी म्हणजे माणूस उतरून पाणी पिऊन परत चढेल अशा बेतानं सुटायची. भाऊजी वाकून काचेत बघत सोबत चालत होते. मी हसलो, हात केला, पुन्हा हसलो. बायकोनं पदर नीट केला. ते चालतच होते, बोट कळीवर होतं, आणि फलाट संपला.

नैनपूरला पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत एकच फोटो होता आणि मागं भाऊजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जरा उशीर झाला.' फोटोत आम्ही नव्हतो, गाडीही नव्हती. फलाटाचं टोक होतं, रूळ होते, आणि कडेला माझी ताई उभी होती. तिनं निरोपासाठी वर केलेला हात अजून खाली आणला नव्हता.