आसरांमधला सातवा दगड

गावंडेभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीच्या टिनाखाली लेकरांना खिचडी वाढत होते. फोनवर त्यांचा पुतण्या होता. "कांताताई, काका गेले. चार वाजता नेणार हाये," एवढंच बोलला. माझा हात डावासकट तसाच थांबला. मदतनीस शोभाने डाव काढून घेतला आणि ती पुढे वाढायला लागली. बाहेर पावसाने धरलं होतं, वाराही सुटला होता. आमचं गाव म्हणजे धरण भरल्यावर पाण्यात उरलेली टेकडी. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत तिचं बेट होतं, आणि भाऊंच्या घरी मालेगावला जायचं तर आधी नावेने पलीकडे उतरावं लागतं. त्या दिवशी नाववाल्याने साफ नाही म्हटलं. मी काठावर उभी राहून त्याच्यावर खेकसले, मग हात जोडले... चार वाजले, साडेचार वाजले, आणि मी ओली चिंब होऊन घरी आले. रडू आलं ते भाऊ गेले म्हणून आलंच, पण खरं सांगते, त्यात भीतीही होती. त्यांना एक गोष्ट सांगायची माझी चार वर्षं राहिली होती.

भाऊ आमचे ग्रामसेवक. पहिल्यांदा आले तेव्हा नावेतून उतरताना त्यांचे पाय लटलट कापत होते. पोहता येत नव्हतं. हातात वेळूची काठी, तिने आधी चिखल चाचपायचा, मग पाऊल टाकायचं. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीच म्हटलं, "भाऊ, पान्याले इतकं भेता तं बेटावर बदली कायले घेतली?" ते म्हणाले, "ताई, जो पान्याले भेते त्यानंच अथीसा, या बेटावर, कागदावर सही करावं." तेव्हा मला वाटलं, माणूस गमतीशीर आहे. पण ते गंमत करत नव्हते. आमच्याकडे घर बांधायची परवानगी म्हणजे एकच प्रश्न असतो : जागा पूररेषेच्या वर आहे की खाली. वर असेल तर सही, खाली असेल तर नाही. आधीचे साहेब ऑफिसात बसून नकाशावर बोट ठेवायचे. हे मात्र प्रत्येक जागेवर स्वतः जायचे, गवंड्याची पाण्याची नळी धरून पातळी बघायचे, आणि मग घरमालकाला विचारायचे, "घरात लहान लेकरं किती?" त्या प्रश्नाचा परवानगीशी काही संबंध नव्हता. तरी विचारायचे.

मला अंगणवाडीला पक्की इमारत पाहिजे होती. टिनाच्या शेडमध्ये उन्हाळ्यात लेकरं भाजून निघतात, पावसात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मी भाऊंच्या मागे हात धुऊन लागले. जागा एकच होती, घाटाकडच्या उतारावर. कागदावर लिहिलं होतं की घाटाच्या बाजूला पूररेषेचा लाल रंगाचा दगड आहे, त्याच्या वर बांधकाम चालेल. भाऊंनी दगड शोधला तर तो सापडला पाण्याजवळ, साती आसरांमध्ये. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत, पाण्यातल्या सात बहिणी म्हणून आम्ही त्यांना नारळ फोडतो. त्यातले सहा गोटे, आणि सातवा चौकोनी, तासलेला. भाऊ हसले. "घ्या, तुमी सरकारी दगडालेही देवी करून टाकलं." त्यांनी तिथून मोजलं. फितीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. जागा त्या दगडापेक्षा चांगली वर भरली आणि त्यांनी सही केली.

लोक दगडाला देव करतात हे त्या शहाण्या माणसाला माहीत होतं. देव उघड्यावर पडलाय म्हणून त्याला उचलून बहिणींजवळ नेतात, हे त्याच्या डोक्यात कुठून येणार! त्याच्या तीन वर्षं आधी पुरात आमच्या आसरांमधला एक गोटा वाहून गेला होता. सहाच राहिल्या म्हणून बायका बेचैन. मग उतारावर वरती झुडपात एक लाल दगड दिसला. आम्हा तिघींना वाटलं, आई इथे काट्यात काहून बसली? पहारीने हलवला, गोणपाटात घालून ओढत खाली आणला, न्हाऊ घातलं, हिरवी बांगडी चढवली आणि गावात सांगितलं, आई पाण्यातून परत आली. पुढे कोण होतं? मी. फितीचं टोक धरताना ते मला आठवलं का, असं स्वतःला कितीदा विचारलं. आठवलं होतं. पण हलवला तेव्हा तो दगड कशाचा हे कळलं नव्हतं, आणि आता इमारत मिळत होती... मी गप्प बसले.

इमारत झाली. निळ्या खिडक्या, भिंतीवर मोर, चकचकीत फरशी. दोन वर्षं आम्ही तिथे बसलो. ते दिवस आठवले की अजून जीव सुखावतो. मग एका उन्हाळ्यात उतारावरची झुडपं जळाली, आणि इमारतीच्याही वर, चांगलं पुरुषभर वर, भाऊंना सिमेंटचा एक चौथरा दिसला. त्यात चौकोनी खाच होती, रिकामी. ते तिथून तसेच खाली माझ्याकडे आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. आसरांकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, हा दगड आधीपासून अथीसाच व्हता का?"

आतून लेकरांचं गाणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "व्हय. माह्या लग्नाच्या आधीपासून अथीसाच हाये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "बरं," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर पत्र लिहिलं की दगड मूळ जागी आहे का याची खात्री न करता मोजणी केली, चूक माझी, इमारत वापरू नये. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. चौकशी लागली, तारखांवर वाशीमला खेटे सुरू झाले. इमारतीला कुलूप लागलं आणि आम्ही परत टिनाखाली. मी त्यांना काय काय बोलले, बाई! भर चावडीवर म्हटलं, "लेकरांच्या तोंडाचा घास काढला तुमी. पानी कधी आलं का तथी?" त्यांनी मान खाली घातली. चोर मी, आणि शिरजोरीही माझीच. नंतर कितीतरी महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. गावाला वाटायचं, ताईंना राग आहे. राग कसला, त्यांच्या समोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर माणूस सुटला असं वाटलं होतं. पण दर पावसाळ्यात, धरणाची दारं उघडल्याची बातमी आली की भाऊ हजर. कोणी बोलावलेलं नसायचं, कुठला कागद नसायचा. थरथरत नावेतून उतरायचे, कुलूपबंद इमारतीच्या सगळ्यात खालच्या पायरीशी जायचे, काठी उभी धरायचे, पाणी जिथवर असेल तिथे काठीवर खिशातल्या चाकूने खूण करायचे. पहिल्या वर्षी पाणी पायरीला नुसतं लागलं. दुसऱ्या वर्षी चार बोटं. लोक हसायचे, "भाऊ, वाट पाहून राह्यले का पान्याची?" तेव्हा ते चिडून म्हणायचे, "वाट नाई पाहून राह्यलो बापा, भेव लागून राह्यलं." मागच्या वर्षी मीच त्यांना चहा नेऊन दिला. बशीत ओतून प्याले. जाताना काठी माझ्याकडे दिली, "माह्यानं आता नावेत बसवत नाई. हे तुमच्यापाशी ठेवा. तुमी पाहत जा." तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते... नाव सुटायची घाई झाली.

वारा पडल्यावर, तिसऱ्या दिवशी, मी मालेगावला पोचले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि एकदाचं बोलून टाकलं, "वहिनी, तो दगड म्या हलवला व्हता. भाऊंशी म्या खोटं बोलली." वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "त्याहिले ठाऊक व्हतं. त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं त्याहिनं. म्या म्हणलं, मंग बाईचं नाव लिहा ना. तं म्हणे, बाईनं लेकरांसाठी केलं, तिचं नाव कायले घेऊ. सही माही हाये." मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. चार वर्षं ते ओझं त्यांनी वाहिलं, आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेले.

पंधरवड्यापूर्वी ग्रामसभा झाली. नवे ग्रामसेवक समजदार आहेत, पोरसवदा आहेत. त्यांनी फाईल उघडून सांगितलं की तो चौथरा जुन्या विजेच्या खांबाचाही असू शकतो, गावंडेसाहेबांच्या पत्रात नुसती शंका आहे. दगड हलला असं कोणी सांगत नसेल तर इमारत उघडायला हरकत नाही. आया टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. एकीने माझ्या हातात चावीसुद्धा दिली. माझ्याबरोबरच्या दोघींपैकी एक वारली, दुसरी लेकीकडे कारंज्याला गेली ती परतली नाही. म्हणजे जाणणारी मी एकटी. ग्रामसेवक माझ्याकडे वळले, "कांताताई, तुम्ही जुन्या आहात. तो दगड आधीपासून तिथेच होता ना?"

तोच प्रश्न. चावी माझ्या मुठीत होती. समोर माझ्याच अंगणवाडीत शिकलेल्या पोरी आपापली लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"नाई," मी म्हटलं. "वरतं व्हता. म्या हलवला."

एकदम सगळे बोलायला लागले. काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही, ते माझ्या वाट्याचंच होतं. माझी आता चौकशी होईल, नोकरीचं काय होईल माहीत नाही. रात्री झोप लागत नाही. पण चावी मी परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी चार जणी मुकाट्याने आल्या. आसरांना नारळ फोडून आम्ही सातवा दगड उचलला, चढावरून वर नेला. खाचेत तो खट्‌कन बसला, जराही हलला नाही.

गेल्या मंगळवारी धरणाची दारं उघडली. मी भाऊंची काठी टिनावरच्या खिळ्यावरून काढली आणि इमारतीकडे गेले, पण खालच्या पायरीपर्यंत पोचता आलं नाही. नाववाल्याला घेऊन नावेतून गेले आणि काठी उभी बुडवून पायरीला टेकवली. निळ्या खिडकीच्या खालच्या गजाला पाणी लागलं होतं. वरती टिनाखाली शोभा लेकरांची हजेरी घेत होती, एकेकाचं नाव आणि एकेकाचं "हजर" पाण्यावरून ऐकू येत होतं. मी शेवटच्या नावापर्यंत थांबले. मग विळ्याच्या टोकाने काठीवर यंदाची खूण केली. भाऊंच्या सगळ्या खुणा तिच्या कितीतरी खाली आहेत.