जांभळाची वाइन आणि उत्तरेची खोली

मेधाचा फोन आला तेव्हा मी तळा गावच्या बाजारात होते. "मावशी, आई गेली... सकाळी ओट्यापाशीच कोसळली. बाबांना अजून सांगितलं नाही." मेधाची आई नलू आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो, निवृत्तही मागेपुढेच झालो. हरिहरेश्वरजवळच्या तिच्या घरी एसटीनं जाताना माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं. भाऊजी, नलूचे यजमान, उत्तरेच्या खोलीत पडून असतील आणि स्वयंपाकघरातून नलूचा आवाज का येत नाही, याचा विचार करत असतील.

काही वर्षांपूर्वी भाऊजींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि नलूचं जग त्या घराएवढंच उरलं. समुद्र ऐकू यायचा, पण किनाऱ्यावर जायचं तर कुणाला तरी घरी बसवावं लागे. एकदा मी हट्टानं तिला पाठवलं, तर पाय ओले न करताच ती परत आली. "तिथं उभी राहिले, पण कान इथंच होते," म्हणाली.

घरात बसून करता येईल असं काहीतरी हवं, म्हणून तिनं परसातल्या जांभळांची वाइन घातली. वाइन झाली छान, पण स्वयंपाकघरात मुरायला ठेवलेल्या बाटल्या उन्हाळ्यात बिघडल्या. वरचा स्लॅब दिवसा तापायचा, रात्री वारा सुटला की निवायचा. तापली की वाइन फुगून बुचाला रेटायची, निवली की आकसून बाहेरची हवा आत ओढायची. चाखून पाहिलं तर व्हिनेगर झालेलं. "नुसत्या उकाड्यानं इतकी नासली नसती गं," नलू म्हणाली, "हे रोजचं तापणं-निवणं तिला सोसत नाही."

दिवसरात्र सारखी गार राहणारी खोली घरात एकच होती, जुन्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतींची, भाऊजींची. पण भाऊजींचे वडील दारूपायी गेलेले. त्यांनी घरात कधी बाटली येऊ दिली नव्हती. नलूनं विचारलं, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, ठेवून टाक, त्यांना कळणारही नाही. ती चिडली. "मला एखादी गोष्ट नको झाली तर मी निदान अंगणात तरी जाते. त्यांनी कुठं जायचं?"

मग एका सकाळी भाऊजींनी चालत्या हातानं पलंगाखाली बोट दाखवलं. "तिथं ठेवू?" तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षी उघडली ती वाइन तुरट, मऊ, फार सुरेख झाली होती. एक घोट घेऊन नलू रडायला लागली.

परवा पुन्हा गेले होते. मेधा त्यांना आपल्या घरी पनवेलला न्यायचं म्हणते, पण विषय निघाला की भाऊजी पलंगाची कड घट्ट धरतात. तिची रजा संपत आली आहे. दुपारी ते सारखे खिडकीकडे बघत होते. आम्हाला कळायला वेळ लागला. खिडकीवर नलूच्या जुन्या साडीचा पडदा होता, सुकून कडक झालेला. ऊन चढलं की वारा गार यावा म्हणून ती तो ओला करायची. मी तो बादलीत बुडवून पुन्हा टांगला. फरशीवर पाणी ठिबकू लागलं, तसे भाऊजींनी डोळे मिटले.

मेधा दारात उभी होती. "मावशी, हे रोज करावं लागेल?"

"हो," मी म्हणाले. "रोज."