खालती लागलेलं नाव

मुरबाडच्या स्टँडबाहेर उभ्या राहणाऱ्या जीपांना दोनच दिशा माहीत आहेत, वर आणि खालती. वर म्हणजे घाटाकडं, माळशेजच्या अंगाला. खालती म्हणजे कल्याण. चंदर बावीस वर्षं या दोन दिशांच्या मध्ये जीप चालवतोय. त्याला कुणी पूर्व कुठली म्हणून विचारलं, तर तो अशा पॅसेंजरला नम्रपणे मागच्या जीपमध्ये बसवेल. मात्र त्याच्या जीपमधला माणूस कधी उशिरा पोचला नाही, आणि हे तो पॅसेंजर बसायच्या आत सांगून मोकळा होतो.

अशा माणसाच्या पोटी भूमिका जन्मली आणि तिला भूगोलाचं वेड लागलं. बारसं करताना नावातला धोका कुणाच्या लक्षात आला नाही.

लहानपणी ती सुट्टीत जीपच्या पुढच्या सीटवर बसायची. इतर पोरं खिडकीतून दुकानं बघत. ही बघायची, कुठं माती लाल आहे, कुठं काळी पडते, कुठल्या पाड्याची विहीर मार्चातच तळ दाखवते. आठवीत असताना तिनं बापाला विचारलं, "पप्पा, जिथून धरणाचं पाणी दिसतं, तिथंच टँकर कसा येतो?"

चंदर म्हणाला, "रस्ता चांगला हाय म्हणून येतो."

हे उत्तर तिला पटलं नाही. तिथूनच सगळं बिघडलं, असं तिची आई गिरजा म्हणते.

यंदा बारावीला भूगोलात पोरीला शंभरातले एक्क्याण्णव पडले. तिनं कॅलेंडरच्या पाठीवर तीन वर्षांचा आराखडा काढला. पहिल्या वर्षी नकाशावाचन, दुसऱ्या वर्षी सर्वेक्षण, तिसऱ्या वर्षी जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे. जवळच्या कॉलेजात भूगोल होता, पण भाजीबरोबर लोणचं असतं तेवढाच. मुख्य विषय म्हणून तीन वर्षं शिकायचा तर कल्याणला जायला हवं होतं. तिथं जागा वीस, आणि प्रवेशाला गुणांबरोबर एक छोटी चाचणी.

घरात बैठक बसली. सापगावहून ताराआत्या, म्हणजे चंदरची थोरली बहीण, खास आली. तिनं भाचीसाठी ओळखीनं फार्मसीच्या डिप्लोमाची एक जागा धरून ठेवली होती.

"पृथ्वी गोल हाय," आत्या म्हणाली. "ते चौथीत कळलं. आता अजून तीन वर्षं काय बघाचं हाय? कुठं चेपली काय ते?"

"आत्या, थोडी चेपलेलीच हाय. दोन्ही टोकांना."

"मंग झालं की शिकून."

चंदरनं शेवटी निकाल दिला. "कल्याणच्या यादीत नाव लागलं तर भूगोल. नाय लागलं तर गोळ्यांच्या बाटल्या. मंग मना कुनी काय सांगू नका."

चाचणी सोपी होती. आपल्या गावाचा नकाशा आठवून काढा, वेळ पाऊण तास. भूमिकानं असा सुंदर नकाशा काढला की पर्यवेक्षक बाई दोनदा तिच्या बाकापाशी थांबल्या. ओढा, मोरी, भातखाचरं, सुकलेली विहीर, न सुकलेली विहीर, सगळं जागच्या जागी. ती खुशीत बाहेर आली आणि बापाच्या जीपमध्ये बसली.

मुरबाडकडं निघाल्यावर ऊन कलायला लागलं. गाडीच्या आरशात सूर्य दिसत होता, पाठीमागं, कल्याणावर. भूमिका आरशाकडं बघत राहिली. मग तिला स्वतःचा कागद आठवला. तिच्या कागदावर कल्याणचा रस्ता तळाला होता, म्हणजे सूर्य कागदाच्या खालच्या कडेला बुडत होता. घाट माथ्यावर, उत्तरेचं शहापूर डाव्या हाताला, आणि उत्तर दाखवणारा बाण कुठंच नाही.

उत्तर वर असते हे तिला काय माहीत नव्हतं? जगाचा नकाशा ती डोळे मिटून काढते. पण जगाचा नकाशा पुस्तकातून आलेला आणि गावाचा जीपमधून. कागद समोर आला आणि हातानं बापाचं ऐकलं.

रात्री तिनं आईला सांगितलं. गिरजा पीठ मळत होती. तिनं दोनदा ऐकून घेतलं.

"घाट वर काढलास?"

"हां."

"मंग चुकलं कुठं? घाट काय खालती असतो?"

पुढचे सहा दिवस ती दर तासाला मोबाइल उघडून यादी लागली का ते बघत होती.

सोमवारी मोबाइलवर यादी आली. वीस नावं, त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली पहिलं नाव तिचं. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक. तेवढ्यात स्टँडवरून चंदरचा फोन आला. मागं चार जीपांचे हॉर्न.

"लागलं काय गो नाव?"

"वेटिंगला हाय, पप्पा. लागलंय, पण खालती."

वेटिंग हॉर्ननं खाल्लं. उरलेलं चंदरनं ऐकलं. खालती लागलं म्हणजे कल्याणला लागलं. बावीस वर्षांत खालती या शब्दाचा त्याला दुसरा अर्थ भेटलाच नव्हता. त्यानं स्टँडवर सगळ्यांना सांगितलं, पावशेर पेढे घेतले आणि सापगावला फोन लावला. "ताराक्का, त्या फार्मसीवाल्याला नको म्हून सांग. पोरीचं खालती लागलं." आत्या कामात चोख. दुपारपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाला गेलीही.

संध्याकाळी पेढा तोंडात असतानाच भूमिकाला हे कळलं. तो गिळून तिनं बापाला रेघ समजावली. चंदर पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसला. गिरजा सांडलेला पेढ्याचा चुरा गोळा करत राहिली. पोरीवर तो रागावला नाही, हॉर्न वाजवणाऱ्यांना मात्र त्यानं नावं घेऊन आठवलं. मग म्हणाला, "एक जण उतरला की तुला सीट मिलते ना? जीपमंदी कुनी ना कुनी उतरतोच."

पहिल्या वीस जणांना शनिवारी चारपर्यंत येऊन प्रवेश पक्का करायचा होता. शनिवारी चंदरनं जीप शेखरच्या, म्हणजे स्टँडवरच्या दोस्ताच्या, हातात दिली आणि स्वतः पोरीबरोबर कॉलेजच्या पायरीवर जाऊन बसला. तीन वाजता खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं, "एकोणीस आलेत. एकाची वाट बघतोय."

भूमिकानं वेळ जावा म्हणून वहीत गावाचा नकाशा परत काढला. या वेळी उत्तर वर, बाणासकट. चंदरनं वही हातात घेतली आणि बराच वेळ बघितलं.

"आपलं घर कुठं गेलं?"

तिनं वही त्याच्या हातात आडवी फिरवली.

"हां. आता गावलं."

चारला दहा मिनिटं कमी असताना एक मुलगी फाटकातून पळत आली. केस सुटलेले, फाइल छातीशी. खिडकीपाशी ती धापा टाकत म्हणाली, "सर, आमची एसटी चुकली. मुरबाडवरून जीपवाल्या काकांनी आणलं. बोलले, माझ्या गाडीतला माणूस कधी उशिरा पोचत नाय."

चंदरनं फाटकाकडं पाहिलं. बाहेर त्याचीच जीप उभी होती. शेखर आतून हात हलवत होता, एक अवघड काम फत्ते केल्याच्या आनंदात.

परतीच्या वाटेवर चंदरनं शेखरला मागं बसवलं आणि स्वतः गाडी घेतली. निम्म्या रस्त्यात त्यानं शेखरला सगळं सांगितलं. तेव्हा तो बिचारा स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत राहिला.

शेवटी भूमिकाच म्हणाली, "जवळच्या कॉलेजात नाव घालते. भूगोल थोडा हाय, पण हाय. दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी झाली तर खालती बदलून घेतात, खिडकीतले सर बोलले."

"झाली तर," चंदर म्हणाला.

"झाली तर."

त्यानं आरसा सरळ केला. आरशात सूर्य होता. "भूमी," तो म्हणाला, "आता आपण कुठल्या दिशेला चाल्लो?"

"पूर्वेला."

"पूर्व," चंदरनं शब्द तोंडात घोळवून बघितला.